मगदुमांच्या ओट्याची उंची

“माप हिचं घ्या,” आक्का म्हणाल्या आणि सुनेला दंडाला धरून त्यांनी जुन्या ओट्यासमोर आणून उभं केलं.

चंदना उभी राहिली. शिंप्याकडे माप द्यायला राहतात तशी, हात अंगापासून जरासे सुटे ठेवून. मी पर्समधून टेप काढली.

“परात लागेल. आणि थोडं ज्वारीचं पीठ,” मी म्हणाले.

“पीठ कशाला?”

“त्यांनी भाकरी थापून दाखवायची.”

“आत्ता? चार वाजलेत. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं असतात. पाचला गॅस पेटवायला लागतो की ओ.”

“भाजायची नाही, आक्का. नुसती थापायची. माणूस सरळ उभा असला की खोटं माप देतो. कामाला लागला की खरं देतो.”

आक्कांना हे आवडलं. त्यांनी स्वतः परात आणली, पीठ काढलं, पाण्याचा तांब्या ठेवला. नळाच्या तोंडाला गाळणीचं पांढरं फडकं बांधलेलं होतं, जैन घरात असतं तसं, आणि ते इतकं स्वच्छ होतं की रोज कुणीतरी ते धूत असणार. चंदनानं गोळा मळला आणि थापायला लागली. तिचा चेहरा हलला नाही. मी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. चाळीस इंच.

“वजा पाच,” मी म्हणाले. “ओटा पस्तीसवर येईल. नुसत्या चपात्या करणाऱ्या घरात मी चारच वजा करते. भाकरी थापायची तर जोर खांद्यातनं येतो, म्हणून एक इंच आणखी खाली.”

“बघ,” आक्का सुनेला म्हणाल्या. “पस्तीस. तुझा ओटा.”

चंदनानं थापलेली भाकरी मोडून परत गोळा केला आणि परातीत ठेवला. “पीठ वाया नको जायला,” ती म्हणाली. तेवढंच बोलली.

याला आता एकवीस वर्षं झाली. तेव्हा मला कोल्हापुरात इंटिरियरचं काम सुरू करून चौथं वर्ष चाललं होतं. एका पेपरात रविवारी माझं घरसजावटीचं सदर यायचं. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक वीत रुंद घ्या, छोट्या खोलीला गडद रंग देऊ नका, आरसा दाराच्या समोर लावू नका, असं सगळं मी ठणकावून सांगत असे. मी तेव्हा राहत होते ते घर भाड्याचं होतं आणि त्याचे पडदे घरमालकाचे होते, ही गोष्ट वेगळी. त्या सदरात मी एकदा ओट्यावर लिहिलं. इकडचा कुठलाही गवंडी डोळे मिटून ओटा तेहतीस इंचांवर टाकतो. तेहतीस हे कुणाचंच माप नाही, म्हणून ते सगळ्यांच्या गळ्यात मारतात. ओटा बाईच्या मापाचा हवा, बाई ओट्याच्या मापाची नव्हे. त्या लेखाचं कात्रण घेऊन इचलकरंजीहून आक्का मगदुमांचा फोन आला होता.

त्यांचा बंगला गावाच्या जुन्या भागात होता आणि मागच्या अंगाला त्यांच्याच यंत्रमागांची शेड. मागांची खडखड सकाळपासून चालू. अशा घरातली माणसं सवयीनं मोठ्यानं बोलतात. मगदुमांकडे मात्र सगळे हळू बोलत. त्यामुळे निम्मं ऐकूच येत नसे, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. मुलगा श्रेणिक आदल्या श्रावणात हातकणंगल्याच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. तेरा महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं.

माझ्या मापवहीत प्रत्येक घराला दोन पानं असत. डाव्या पानावर भिंती, खिडक्या, बीम. उजव्या पानावर माणसं. ही सवय कुणी शिकवलेली नव्हती, पण धंद्यात फार उपयोगी पडे. मगदुमांच्या उजव्या पानावर पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं: ‘अण्णा, आक्कांचे यजमान. खुर्चीपासून टीव्ही नऊ फूट, टीव्ही बंद, तरी नजर तिकडेच. आक्का. उंची चार फूट दहा, हुकूम सात फुटी. सून. पाच फूट पाच.’ सुनेपुढे आणखी काही सुचलं नाही.

निघताना आक्का मला सोडायला व्हरांड्यात आल्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं.

“दिवाळीच्या आत झालं पाहिजे हे,” त्या म्हणाल्या.

“सव्वा महिना आहे. होईल. घाई का पण?”

“तिचा भाऊ येणार आहे न्यायला. कोल्हापूरला असतो, विद्याधर. दर दिवाळीला येतो, चार दिवस नेतो, परत आणून सोडतो. यंदा आणून सोडायचं काय बोलला नाही.” त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. “कुठल्या लॅबमध्ये नोकरी बघितलीय म्हणे तिला. लग्नाआधी शिकलीय ती ते, रक्तबिक्त तपासायचं. मला हिनं सांगितलेलं नाही. बाहेरनं कळलं.”

“तुम्ही विचारलं नाही?”

“काय विचारू? जातीस का म्हणून विचारलं आणि हो म्हणाली तर?”

माझं सदर पडद्यांपुरतं होतं.

“तुम्हीच लिहिलंय की,” आक्का म्हणाल्या. “बाईच्या मापाचा ओटा असला की घर तिचं होतं. मग होऊ द्या तिचं. ट्रॉल्या करा, चिमणी लावा, काय ते ग्रॅनाइट बसवा. माझं काय, मी कशावर पण भाकरी थापते. हिला वाटलं पाहिजे, हे सोडून कुठं जायचं.”

घर तिचं होतं असं मी लिहिलं नव्हतं. पण वाचकाच्या मनात लेख वाढतो, आणि वाढलेल्या लेखाला लेखकानं नाकारू नये, एवढी अक्कल मला होती. मी म्हणाले, “छान होईल.”

आठ दिवसांनी मी टाइल्सचे नमुने घेऊन गेले तेव्हा आक्का बस्तीत गेल्या होत्या. तिकडे जैन देवळाला बस्ती म्हणतात. अण्णा शेडमध्ये होते. चंदनानं मला पाट दिला, पाणी दिलं आणि नमुन्यांकडे न बघता समोर बसली.

“हा बदामी बघा,” मी म्हणाले. “डाग दिसत नाही आणि उजेड मारत नाही.”

“चांगला आहे.”

“हा जरा पिवळा?”

“तोही चांगला आहे.” मग ती म्हणाली, “ताई, ओटा एकतीस इंचांवर घ्या.”

मी नमुना खाली ठेवला. “एकतीस कुठनं काढलं?”

“आक्कांचं कोपर छत्तीसवर येतं. त्या साडी वाळत घालत होत्या तेव्हा मागे भिंतीवर पेन्सिलनं खूण केली आणि नंतर मोजली. दोन दिवस मोजली. छत्तीसच येतं. वजा पाच.”

दोन दिवस मोजली, हे ऐकून मला ती लॅबमध्ये कशी असेल ते दिसलं.

“तुम्ही उंच आहात,” मी म्हणाले. “चार इंच वाकून रोज वीस भाकऱ्या थापल्या तर चाळिशीत कंबर जाईल.”

“मी नसेन.”

दूध संपलंय म्हणावं तशी म्हणाली. बाहेर मागांची खडखड चालू होती. नळाच्या फडक्यातून एक थेंब पडला, मग दुसरा.

“दिवाळी झाली की एक तारखेला लॅबमध्ये हजर व्हायचं आहे,” ती म्हणाली. “दादा म्हणाला, तोपर्यंतच ते जागा धरून ठेवतील. त्यानंतर नाही.”

“मग आक्कांना सांगा की.”

“चार वेळा गेले सांगायला. त्या काही म्हणत नाहीत ओ. नुसत्या बघतात. मग मी विचारते, डाळ कुठली शिजवू.” तिनं पदराचं टोक सरळ केलं. “हे गेल्यापासून त्या माझ्यासमोर रडल्या नाहीत, मी त्यांच्यासमोर नाही. तेरा महिने आम्ही भाजीचंच बोलतोय. आता पहिलं बोलायचं ते हेच कसं बोलू?”

“आणि ओट्यानं काय होणार?”

“गवंडी भिंतीवर रेघ मारतो ना आधी, ओटा कुठं येणार त्याची? ती एकतीसवर मारा. आक्का बघतील. त्यांना लगेच कळेल, ही रेघ माझ्या मापाची नाही, त्यांच्या मापाची आहे. मग त्या विचारतील, असं का. एकदा त्यांनी विचारलं की मी सांगेन. मला आपणहून सुरुवात जमत नाही. विचारल्यावर जमेल.”

“त्या मला विचारतील.”

“हो. तुम्ही म्हणा, चंदनाला विचारा. तेवढंच म्हणा. दुसरं काही नको.” आणि थोड्या वेळानं, “मी गेल्यावर त्यांना पस्तीसच्या ओट्यावर स्टूल घेऊन उभं राहायला लागू नये, तेही आहेच.”

मी म्हणाले, “बघते.”

आमच्या धंद्यात ‘बघते’ हा फार उपयोगी शब्द आहे. गिऱ्हाइकाला तो ‘हो’सारखा ऐकू येतो आणि आपल्याला तो कशालाच बांधत नाही. तिलाही तो ‘हो’सारखाच ऐकू आला असणार, कारण तिनं नमुने जवळ ओढले आणि बदामी टाइल उजेडाला धरून नीट पाहिली.

एसटीत बसून मी त्या दिवशी मापवहीचं उजवं पान उघडलं. एका बाजूला आक्का. काम त्यांनी दिलेलं. महिला मंडळात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्याच ओळखीनं आणखी चार घरांतून मला बोलावणं आलं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलेलं माप बाजूला टाकून मी सुनेच्या सांगण्यावरून रेघ मारली, आणि त्या रेघेनं सून घराबाहेर गेली, तर मगदुमांची सून फोडणारी ती हीच बाई, असं इचलकरंजीत माझं नाव झालं असतं. दुसऱ्या बाजूला चंदना. तिनं मागितलं होतं काय, तर चार इंच आणि दोन शब्द.

घरच्या भांडणात डिझायनरनं पडू नये, असा एक नियम मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवला होता. पण इथे भांडण नव्हतंच. भांडण असतं तर बरं झालं असतं, असं वाटून मी वही मिटली.

जुना ओटा फोडून झाला. कडाप्पा निघाला, टाइल्स निघाल्या, भिंत उघडी पडली. रेघ मारायच्या दिवशी मी नऊलाच पोहोचले. बाबालाल मिस्त्री पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन तयार होता. नळीचं एक टोक या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात; दोन्हीकडे पाणी सारख्या पातळीवर थांबलं की खूण करायची आणि निळीत बुडवलेली दोरी ताणून फटका मारायचा. भिंतीवर सरळ निळी रेघ उठते.

“मॅडम, कुठं मारू रेघ?” बाबालालनं विचारलं.

“थांबा.”

“पस्तीस म्हणला होता परवा.”

“हो. थांबा जरा.”

“नळीतलं पाणी थांबलंय मॅडम. तुम्ही न्हाई थांबला अजून,” तो म्हणाला. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता आणि मला कधी साहेब धरत नसे.

मी भिंतीकडे बघत होते. एकतीस, पस्तीस. आक्का आत पूजेचं आवरत होत्या. चंदना मागच्या पडवीत मांडलेल्या तात्पुरत्या गॅसवर कामगारांसाठी ताक घुसळत होती. ती मान वर करून एकदाच बघून गेली. मला वाटलं, एवढं कशाला, दोघींचं राखता येईल. दोन इंच हिचे कमी, दोन इंच तिचे जास्त. कुणाला वाईट वाटायला नको. आक्कांना विचारायचं असलं तर त्या तेहतीसवरूनही विचारतीलच. पस्तीस सांगितलेलं असताना दोन इंच खाली का, असं. म्हणजे चंदनाचंही काम होईल. हे मला तेव्हा खरोखरच हुशारीचं वाटलं.

“तेहतीस,” मी म्हणाले.

बाबालालनं माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे आमचंच की. मग ती परात, पीठ, भाकरी कशाला केली एवढी?”

“मारा तुम्ही.”

त्यानं दोरी ताणली आणि सोडली. रेघ उठली. फार सरळ होती. बाबालालचं काम चांगलं होतं, त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

आक्का हात पुसत आल्या. उंबऱ्यातूनच त्यांचे डोळे रेघेवर गेले. त्या भिंतीपाशी गेल्या आणि रेघेवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. खांदा जरा वर उचलला गेला. त्यांनी पुन्हा नीट उभं राहून पाहिलं. त्यांनी कधी स्वतःचं माप घेऊ दिलं नव्हतं, तरी ज्या बाईनं चाळीस वर्षं ओट्यावर काढली तिला काय सांगायला लागतं.

“हे पस्तीस नव्हे,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मग कुणाचं माप हे?”

चंदना दारात आली होती. हातात ताकाच्या फुलपात्रांचं ताट. ती तिथेच थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तेरा महिन्यांत त्या घरात कुणी पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं, आणि ते मला विचारलं होतं. दोन शब्द म्हणायचे होते. चंदनाला विचारा. ते माझ्या तोंडात तयार होते, हे मला पक्कं आठवतं.

“दोघींचं,” मी म्हणाले.

आक्का बघत राहिल्या.

“दोघींना चालेल असं मधलं काढलंय,” मी म्हणाले. एकदा सुरू झालं की माझं बोलणं छान वाहतं. “तुम्ही काय आता स्वयंपाक सोडणार थोड्याच? दोघी उभ्या राहणार, तर ओटा दोघींचा नको? त्यांना जरा खाली, तुम्हाला जरा वर. सवय होते आठ दिवसांत.”

“दोघींचं,” आक्का म्हणाल्या. त्यांनी हात रेघेवरून काढला नाही. “माझ्या डोक्यात आलंच नाही हे. मी आपली हिचं, हिचं म्हणून धरून बसले होते.” मग दाराकडे न बघता, “चंदना, इकडं ये. बघ गं.”

चंदनानं ताट खाली ठेवलं. आली. आक्कांच्या शेजारी उभी राहिली आणि रेघेवर तळहात ठेवला. तिची पाठ थोडी खाली झाली, आक्कांचा खांदा थोडा वर. भिंतीवर शेजारी शेजारी दोन हात होते.

“चालेल ना तुला?” आक्कांनी विचारलं.

हाही प्रश्नच होता. पण तिला हवा होता तो हा नव्हता, आणि याला उत्तर एकच होतं.

“चालेल,” चंदना म्हणाली.

दोघींनी हात काढले. दोघींच्या तळव्याला निळीचा एकेक पट्टा लागला होता. आक्कांनी तो पदराला पुसला. चंदनानं पुसला नाही. तिनं ताट उचललं आणि बाबालालला ताक दिलं, त्याच्या जोडीदाराला दिलं, मग मला दिलं.

“ताई,” ती म्हणाली, “सिंक उजवीकडं काढलंय ना तुम्ही नकाशात? ते डावीकडं घ्या. मी डावरी आहे.”

इतक्या दिवसांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लोकांना बघण्यात मी स्वतःला फार तयार समजत होते. मी वही उघडली आणि लिहिलं: सिंक डावीकडे.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. आक्कांनी माझ्यासाठी डब्यात काहीतरी दिलं होतं ते द्यायला. मी वाट बघत होते की ती बोलेल, निदान चिडेल. मीच म्हणाले, “एकतीस घेतलं असतं तर त्यांना फार लागलं असतं.”

“हो,” ती म्हणाली. “बरोबर आहे तुमचं.”

“दोन इंचांचा प्रश्न आहे.”

“हो.” तिनं डबा माझ्या हातात दिला. “डबा परत आणायची घाई नाही.”

पुढचे तीन आठवडे काम नीट चाललं. ग्रॅनाइट बसला, ट्रॉल्या बसल्या, बदामी टाइल्स लागल्या. त्या घरात कधी कुणी रंगावरून, कडी-कोयंड्यावरून वाद घातला नाही. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. अण्णा दोनदा येऊन चिमणी चालू-बंद करून गेले. आक्का जरा मोठ्यानं बोलायला लागल्या होत्या. त्या बायकांना आणून ओटा दाखवत, आणि प्रत्येकीला तेच सांगत, की मॅडमनी आमच्या दोघींच्या मापाचा केलाय. त्या बायका मला पत्ते देऊन जात. ती चारही घरं पुढे मला मिळाली. चारही ठिकाणी मी परात आणि पीठ मागितलं.

धनत्रयोदशीला मी शेवटचं बघायला गेले. अमावास्येच्या पहाटे बस्तीत तीर्थंकरांच्या निर्वाणाचे लाडू चढवायचे होते आणि त्याची तयारी नव्या ओट्यावर चालली होती. आक्का चण्याचं पीठ भाजत होत्या, पायाखाली एक पाट घेतलेला. चंदना शेजारी साखर चाळत होती. दुपारी दोनच्या सुमाराला विद्याधर आला. चाळिशीच्या आतला, जाड भिंगाचा चष्मा, बोलण्यात संकोच. त्यानं अण्णांना, आक्कांना वाकून नमस्कार केला. चंदनाबरोबर तो मागच्या पडवीत गेला. तिथे ती दोघं दहा मिनिटं होती. मी ट्रॉल्या नीट सरकतात का ते तपासत होते. त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. मागांची खडखड होती.

तो परत आला तेव्हा एकटा होता. आक्कांनी त्याला फराळातला लाडू दिला. त्यानं खाल्ला.

“यंदा नको म्हणतीय यायला,” तो अण्णांना म्हणाला. “सणाला घरीच थांबते म्हणतीय.”

अण्णा खुर्चीतून म्हणाले, “बरं.” आणि मग, बहुधा त्याला रिकाम्या हातानं पाठवायला नको म्हणून, “या मॅडमना न्या की कोल्हापूरपर्यंत. एसटीला गर्दी असंल आज.”

चंदना भावाला सोडायला बाहेर आली नाही. आतून चाळणीचा आवाज येत होता.

गाडीच्या पुढच्या सीटवर एक उशी होती आणि कागदात गुंडाळलेलं लिंबू. विद्याधरनं ते उचलून मागे ठेवलं. “तिला गाडी लागते,” तो म्हणाला. मागची सीट पूर्ण मोकळी होती, डिकीतलं सामानही तो काढून आला असावा. गाडी रस्त्यावर रिकाम्या डब्यासारखी वाजत होती.

मी बसले.

गाव सुटल्यावर तो म्हणाला, “किचन तुम्हीच केलंत का?”

“हो.”

“चांगलं झालंय.”

हातकणंगल्याच्या रस्त्याला लागलो. एका वळणावर त्यानं वेग फार कमी केला, आणि वळण संपल्यावर पुन्हा वाढवला. आम्ही दोघंही समोर बघत होतो.

“गेल्या महिन्यात तिनंच सांगितलं होतं, दादा, गाडी घेऊनच ये, सामान असेल,” तो म्हणाला. “तिची बॅग भरलेली होती. मी आज बघितली, कपाटाच्या खाली. आज म्हणते राहू दे. मी म्हटलं, का? तर म्हणते, आक्कांनी विचारलंच नाही.” त्यानं चष्मा वर सरकवला. “काय विचारायचं होतं त्यांनी?”

मी खिडकीची काच थोडी खाली केली.

“लॅबवाले माझ्या शब्दावर दीड महिना थांबलेत,” तो म्हणाला. “त्यांना मी आता काय सांगू?”

उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे होत्या. तो बराच वेळ त्यांच्यामागे राहिला, ओलांडायला जागा असूनही.

“मॅडम, एक विचारू का? तुम्ही महिनाभर त्या घरात होता. माझी बहीण तिथं कशी राहते ते तुम्ही बघितलंय. खरं सांगा. तिला कुणी काही बोललं का? अडवलं, धमकी दिली, रडारड केली, असं काही?”

“नाही,” मी म्हणाले. “कुणी काही बोललं नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यानं मान हलवली. एवढं ऐकल्यावर त्याचे खांदे जरा सैल झाले. “मग तिचीच इच्छा,” तो म्हणाला, आणि ट्रॉल्या ओलांडायला गिअर बदलला.